बिनवायरी बिऱ्हाड



गेल्या अंकातला आमचा विषय खाण्याचा होता, त्यामुळे पत्रंही भरपूर आली. या वेळचा विषय जरा खुटखुटीत आहे. विषय आहे ड्रिल. तोही बिनवायरी, बॅटरीवरचा, आणि तोही जंगलात. "आता हे कसलं खूळ?" असं म्हणून पान उलटायच्या आधी थोडं थांबा. या ड्रिलपायी एका रात्री साडेतीन वाजता आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि चूक सर्वस्वी आमची होती. ती कबूल करायलाच आज बसलो आहोत.

तसं पाहिलं तर हॅमिल्टनला राहून हत्यारांविषयी लिहायला इतकी वर्षं लागायला नको होती. हे पोलादाचं गाव. १९६४ साली टिम हॉर्टन्सचं पहिलं दुकान इथे निघालं हे सगळेच सांगतात, पण कॅनेडियन टायरचं पहिलं असोसिएट दुकानही इथलंच, १९३४ सालचं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. इथल्या माणसाचं बेसमेंट पाहिलं की तो कुठल्या देशातून आला हे कळत नाही. सगळ्यांकडे भिंतीवर तेच पाने, तेच हातोडे. आपले मराठी लोकही याला अपवाद नाहीत. पुण्यात ज्याने खिळा ठोकायला सुताराला बोलावलं तो इथे दोन वर्षांत डेक बांधतो.

पण कॅम्पिंगच्या बाबतीत आम्ही पक्के सोवळे. रानात जायचं तर यंत्र घरी ठेवून जायचं, हे आमचं मत. कॉलेजात असताना राजगडावर जायचो तेव्हा पाठीवरच्या पिशवीत एक स्टोव्ह, एक टॉर्च आणि बटाटे. तंबूबिंबू कुणाला माहीत! पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायची, झालं. इथे आल्यावर तंबू आला, गादी आली, घडीच्या खुर्च्या आल्या. तेवढं आम्ही चालवून घेतलं. पण शेजारच्या जागेवरून ड्रिलचा घूंऽऽ आवाज आला की आमच्या कपाळाला आठी पडायची. "गॅरेज उचलून आणलंय," असं आम्ही मराठीत मोठ्याने म्हणायचो. परदेशात आपल्या भाषेचा हा एक मोठाच फायदा आहे.

आमचा गट १९९२ पासून दर ऑगस्टच्या लाँग वीकएंडला जातो आणि बहुतेक वेळा किलबेअरलाच जातो. हॅमिल्टनहून तीनशेहून अधिक किलोमीटर. चारशे नंबरचा हायवे धरून उत्तरेला जायचं, पॅरी साउंड मागे टाकायचं, नोबेलपाशी डावीकडे वळायचं. पुढे जॉर्जियन बे, गुलाबी खडक, वाऱ्याने एका बाजूला कललेले पाइन, आणि (आमच्या सौ.ना दर वर्षी आठवण करून द्यावी लागते) मॅसासॉगा जातीचे खुळखुळे साप. एका जागेवर सहाच माणसं राहू शकतात, म्हणून आम्ही लागून लागून चार जागा घेतो. त्या घेणं म्हणजे पूर्वीच्या दादर स्टेशनावरचं तिकीट. बरोबर पाच महिने आधी सकाळी सात वाजता आरक्षण उघडतं. मार्च महिन्यात चार घरांत चार जण पावणेसातपासून कॉम्प्युटरवर बोट रोखून बसलेले असतात. विजेच्या जागा तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतात. या वर्षीही संपल्या. आम्हांला मिळाल्या त्या बिनविजेच्या.

या गटाचे संस्थापक, सूत्रधार आणि मुकादम म्हणजे आमचे तंबूकाका. हे नाव मुलांनी ठेवलं. आता ती मुलं स्वतः बाप झाली, पण नाव टिकलं. तंबूकाका मूळचे कोल्हापूरकडचे. इथे पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढली. कुणाचाही तंबू उभा राहत नसला की हे हातोडा घेऊन येणार, चार ठोक्यांत खुंटी जमिनीत, आणि वर "हं, आता चहा." खुंटी वाकडी गेली तर माणसालाच चार शब्द सुनावणार.

आरक्षणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "अरे, या वर्षी आमचं दोघांचं धरू नकोस."

आम्ही म्हटलं, "का रे? भारतात चाललात का?"

"नाही. हात चालत नाहीत आता. बोटांची पेरं सुजतात. हातोडा धरला की रात्रभर ठणका. आणि झोपेचं ते मशीन लागलंय ना मागे. तिथे वीज कुठली?"

मशीन म्हणजे घोरण्याचं. आपल्यात बऱ्याच जणांकडे आलं आहे, पण कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सांगतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, श्वास काही सेकंद थांबतो, मग माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो; असं रात्रीतून पुनःपुन्हा. हे मशीन नाकावरच्या मुखवट्यातून हवा थोड्या दाबाने आत सोडतं आणि वाट उघडी ठेवतं. त्याच्याशिवाय तंबूकाकांचा श्वास कसा थांबतो ते वहिनींनी वर्षानुवर्षं ऐकलेलं. त्यामुळे त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही जाऊन या. यांना मशीनशिवाय एक रात्रही मी झोपू देणार नाही."

तंबूकाकांशिवाय किलबेअर! आमच्या घरी त्या रात्री जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे दोन्ही प्रश्न एकाच बॅटरीने सुटतात." आणि बेसमेंटमधून आपला पिवळा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेऊन आले.

आता इथे थोडं ज्ञानामृत पाजल्याशिवाय आम्हांला राहवत नाही. बिनवायरी ड्रिल अंतराळवीरांसाठी शोधून काढला, अशी एक समजूत सर्रास ऐकू येते. तसं नाही. ब्लॅक अँड डेकर कंपनीने तो १९६१ सालीच बाजारात आणला होता, निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर चालणारा. अंतराळाचं काम त्यांच्याकडे आलं ते मागाहून. १९७१ साली अपोलो १५ मधून गेलेल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर बॅटरीच्या ड्रिलने भोक पाडलं आणि ती नळी आत अशी रुतून बसली की स्कॉट आणि आयर्विन या दोघांना मिळून खांदे लावून ती उपसावी लागली. तेव्हा तंबूच्या खुंटीशी झटापट करताना आपण एकटे नाही, एवढं समाधान बाळगावं. पुढे १९७८ मध्ये जपानच्या माकिताने आपला चार्ज करायचा ड्रिल काढला. आमच्याकडे पहिला आला १९९६ साली, बॉक्सिंग डेच्या सेलमधला, ९.६ व्होल्टचा. कपाटात महिनाभर ठेवला की आपोआप मरायचा आणि दोन स्क्रू फिरवले की दमायचा. खरी जान आली ती २००५ च्या सुमारास लिथियमच्या बॅटऱ्या या हत्यारांत बसायला लागल्यावर.

या बॅटऱ्यांवर कुणी १८ व्होल्ट लिहितं, कुणी २० व्होल्ट मॅक्स. दोन्ही एकच! आत पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे १८. नुकती चार्ज केलेली असताना सेल चारच्या पुढे असतो, म्हणून २०. स्थळ सांगताना मुलाची उंची बुटासकट सांगतात, तसला प्रकार. अठराला पाच अँपिअर-तासाने गुणलं की ९० वॉट-तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. (भारतात भावासाठी असा ड्रिल नेणार असाल तरी लागेल. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, आणि १०० वॉट-तासांच्या आतल्या असल्या तरच विनापरवानगी चालतात. हत्यार मात्र सामानात.)

तर चिरंजीवांची योजना अशी. खुंट्यांच्या ऐवजी लॅग स्क्रू न्यायचे. लाकडात घालतात ते जाडजूड, षट्कोनी डोक्याचे. तीन-अष्टमांश इंच जाड, दहा इंच लांब, वर एक मोठा वॉशर. ड्रायव्हरला नऊ-सोळांश इंचाचा सॉकेट लावायचा आणि कडक मुरमात स्क्रू फिरवत न्यायचा. हातोडा नको, ठोके नकोत, मनगटाला हिसका नाही. इम्पॅक्ट ड्रायव्हर आतल्या आत टोले देतो, त्यामुळे पिळाचा झटका हातावर फारसा येत नाही. साध्या ड्रिलचं तसं नाही. स्क्रू अडकला की ड्रिलच मनगट पिरगाळतो. सुजलेल्या बोटांच्या माणसाने ड्रिल नव्हे, ड्रायव्हर घ्यावा. हे आम्ही वाचून नव्हे, पाहून सांगतो आहोत.

आणि मशीनसाठी त्याच बॅटरीवर बसणारा एक छोटा इन्व्हर्टर. मशीनमधलं पाणी तापवणारं भांडं बंद ठेवलं तर वीज फार कमी लागते. तंबूकाकांचं मशीन सरासरी पंधरा वॉटच्या आसपास खातं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी भांडं बंद ठेवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मग काकांनी घरीच दोन रात्री हे सगळं लावून पाहिलं. फिटर माणूस तो, बोलण्यावर विश्वास ठेवणार नाही. इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज गिळतो हे धरून, एक पूर्ण भरलेली बॅटरी पाच तास टिकते असं निघालं. म्हणजे रात्रीला दोन. वहिनींनी वहीत लिहून ठेवलं. "दोन," त्या म्हणाल्या, "एकही कमी नाही."

सगळ्या गटाच्या बॅटऱ्या गोळा केल्या तर अकरा निघाल्या! आम्ही म्हटलं, झालं की काम. पण नाही. त्यांत चार पिवळ्या, तीन लाल, चार निळसर-हिरव्या. आणि या तीन जातींत रोटी-बेटी व्यवहार नाही. आत तेच पाच सेल, तोच लिथियम, तेच १८ व्होल्ट. पण वरची खाच वेगळी. पिवळी लालमध्ये बसत नाही, लाल हिरव्यात बसत नाही. इन्व्हर्टर पिवळा. म्हणजे मशीनच्या कामाच्या फक्त चार. दोन रात्री वापरायच्या, तेवढ्यात दुसऱ्या दोन दिवसा गाडीतल्या चार्जरवर भरायच्या, असं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. जागा अशी कडक की आमची जुनी खुंटी पहिल्याच ठोक्याला वाकली. तंबूकाका आले. गुडघ्याखाली एक जुनी उशी घेतली, स्क्रू उभा धरला, चाप दाबला. टर्रर्र! दहा सेकंदांत स्क्रू वॉशरपर्यंत आत. काकांनी ड्रायव्हर डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा पाहिला. "तीस वर्षं कारखान्यात हवेच्या नळीवरचा वापरला," ते म्हणाले, "हा नळीबिगर तसाच चालतोय." मग त्यांनी चारही जागांवरचे सगळे तंबू स्वतः उभे केले. चोवीस स्क्रू. कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या तंबूपाशी आमच्याच अंगावर ओरडले, "दोरी ताण की जरा! काय बघत बसलास?" हे ऐकून आमच्या सौ.ना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे चहा टाकला.

स्वयंपाकाची मांडणीही या वर्षी नवी होती. चिरंजीवांनी घरी फळ्या कापून, भोकं पाडून आणल्या होत्या. गाडीत सपाट रचायच्या, तिथे सोळा स्क्रूंनी जोडायच्या. स्क्रू रॉबर्टसनचे, लाल, म्हणजे दोन नंबरचे. हा चौकोनी खाचेचा स्क्रू आपल्या शेजारचाच बरं का! पीटर रॉबर्टसन हे गृहस्थ इथून जवळ, मिल्टनला कारखाना काढून बसले १९०८ मध्ये. म्हणतात की त्याच्या दोन वर्षं आधी मॉन्ट्रियलमध्ये एक स्क्रूड्रायव्हर विकताना पातं सरळ खाचेतून घसरलं आणि हाताला लागलं, तेव्हा त्यांना चौकोनी खाचेची कल्पना सुचली. हेन्री फोर्डना तो स्क्रू फार आवडला होता, पण हक्क फक्त आपल्याला हवेत असं फोर्ड म्हणाले, रॉबर्टसन नाही म्हणाले, आणि म्हणून आजही सीमेपलीकडे फिलिप्सचीच चलती आहे. अंधारात, एका हातात टॉर्च धरून, बिटावर स्क्रू टोचला की तो खाली न पडता तिथेच बसून राहतो. कॅम्पवर याहून मोठा गुण नाही.

इथपर्यंत सगळं छान. आता शनिवार.

शनिवारी आमचं सोवळं सुटलं. सोवळं सुटलं की माणूस कुठवर जातो हे शनिवारी आम्ही आमच्याच डोळ्यांनी पाहिलं. सकाळी हवेच्या गाद्या भरल्या, पिवळ्या पंपाने. ठीक. मग कुणाला तरी आठवलं की जेवणाला ताक करायचं आहे, बावीस माणसांचं. आम्ही सौ.ची लाकडी रवी घेतली, चाकूने तिची दांडी तासली, ड्रिलच्या तोंडात आवळली आणि पातेल्यात सोडली. पहिल्या गिअरवर ठेवायचा तो दुसऱ्यावर राहिला. बावीसपैकी सहा जणांचं ताक तंबूवर, दोघांचं आमच्या चष्म्यावर. वास घेऊन अस्वल येईल म्हणून तो तंबू धुण्यात दुपार गेली. रवीची दांडी बारीक झाली ती झालीच. त्यावर घरी अजून अधूनमधून ऐकावं लागतं.

तरी आमचं समाधान होईना. उद्यानाच्या फाटकावर विकत घेतलेली लाकडं जरा जाड होती. चिरंजीवांच्या पेटीत पुढे-मागे चालणारी करवत होती. आम्ही ती उचलली. खरं म्हणजे कुऱ्हाडीने दोन घाव घालून काम झालं असतं. पण एकदा चाप दाबला की सोडवत नाही हो! वीस मिनिटं आम्ही लाकडं कापत होतो. लागतील त्याहून दुप्पट कापली. शेजारच्या जागेवरच्या एक वयस्क बाई आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की त्यांचे यजमान दुपारी पाण्यावरचे लून पक्षी ऐकायला बसतात, आणि आज ऐकू येत नाहीत. ओंटारियोच्या उद्यानांत दुसऱ्याला त्रास होईल असा आवाज कुठल्याच वेळी करता येत नाही, नियम आहे. पण त्या बाईंनी नियम सांगितला नाही. सांगितला असता तर बरं वाटलं असतं. जे वाक्य आम्ही इतकी वर्षं मराठीत लोकांविषयी म्हणत आलो, ते त्या दिवशी त्या बाईंच्या मनात कुठल्या भाषेत आलं असेल कोण जाणे.

(लाकडांवरून आठवलं. घरचं लाकूड इथून तिकडे नेऊ नका, कितीही फुकट असलं तरी. २००२ साली विंडसर-डेट्रॉइटकडे आशियातला तो हिरवा ॲश बोअरर किडा सापडला आणि नंतर लोकांच्या गाड्यांतल्या जळणातून दूरदूर पसरला. आपल्या परसातला ॲश गेला तो याच किड्याने. रानातलं झाड तोडायचं नाही, खोडात स्क्रूही घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. हातात ड्रायव्हर असला की कपडे वाळत घालायला प्रत्येक पाइन खुणावतो, म्हणून सांगितलं.)

रात्री साडेदहाला सगळे झोपले. साडेतीनच्या सुमारास आमच्या तंबूच्या कापडावर बोटांची टकटक. वहिनी. "भावजी, बॅटरी बदलली, पण मशीन दोन मिनिटांत बंद पडलं."

आम्ही टॉर्च घेऊन धावलो. तंबूकाका उठून बसले होते, मुखवटा हातात, घसा खाकरत होते. दुसरी बॅटरी काढून पाहिली. तिच्यावर एक बटण असतं, दाबलं की किती शिल्लक आहे ते तीन दिव्यांनी कळतं. आम्ही दाबलं. एकच दिवा, तोही लुकलुकत गेला.

ती बॅटरी करवतीतली होती. लाकडं कापून झाल्यावर आम्हीच ती काढली आणि 'भरलेल्या' डब्यात परत ठेवली. बटण दाबून पाहायला एक सेकंद लागतो. आम्ही पाहिलं नाही. उरलेल्या दोन शुक्रवारी रात्री वापरलेल्या. त्या दिवसा गाडीत भरायच्या होत्या, पण सगळे पोहायला गेलो आणि कुणी गाडी हलवलीच नाही. डब्यात लाल तीन आणि हिरव्या चार बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या पडल्या होत्या. त्यांचा काही उपयोग नव्हता.

"जाऊ दे रे," काका म्हणाले, "बसून काढतो रात्र." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी वहीत 'दोन' लिहिलं होतं. त्यांचं ते न बोलणं आम्हांला अजून ऐकू येतं.

तेवढ्यात चिरंजीव उठून आले आणि म्हणाले, "व्हॅन!" आमच्या व्हॅनमध्ये सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा एक जुना इन्व्हर्टर होता, मुलांच्या खेळण्यांसाठी घेतलेला. पुढची सीट मागे पाडली, काकांना त्यात आडवं केलं, मशीन डॅशबोर्डवर, किल्ली अर्ध्यावर. इंजिन चालू करायचं नाही, कारण अख्खं कॅम्प उठेल. मशीन सुरू झालं. अस्वलांच्या भीतीने खाण्याचं सगळं सामान रात्री गाडीत ठेवावं लागतं, त्यामुळे काका एका बाजूला चिवड्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला लसणीची चटणी, अशा थाटात पहुडले. शेजारच्या सीटवर वहिनी.

आता आम्हांला नवी काळजी. सकाळी गाडी चालू होईल ना? बाहेर दगडावर बसून हिशेब केला. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची, साधारण पन्नास अँपिअर-तास. म्हणजे सहाशे वॉट-तास; निम्मी वापरायची नाही असं धरलं तरी तीनशे. मशीन आणि इन्व्हर्टर मिळून वीसएक वॉट, चार तास, म्हणजे ऐंशी. पुरेल. हिशेब तीनदा केला, तीनदा तोच आला, तरी झोप येईना. काचेतून मशीनचा तो हलका सूंऽऽ सूंऽऽ येत होता. दुपारी ज्याच्यापायी पक्षी ऐकू येईनासे झाले त्याच विजेचा हा आवाज, आणि आम्ही तो थांबू नये म्हणून कान लावून बसलो होतो. पहाटे पाचच्या सुमारास पाण्यावर लून ओरडला. मग दुसरा.

साडेसातला काका उठले. पहिलं वाक्य, "चटणीत लसूण जास्त पडलाय." गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

त्यानंतर आम्ही पॅरी साउंडला गेलो आणि आणखी दोन पिवळ्या बॅटऱ्या विकत आणल्या, आमच्या पैशाने. नवी बॅटरी दुकानातून अर्धीमुर्धीच भरलेली येते. म्हणून जाता-येता त्या आणि जुन्या, सगळ्या गाडीतल्या चार्जरवर आळीपाळीने लावल्या. परत आल्यावर वहिनींनी चार बॅटऱ्या आपल्या औषधांच्या डब्यात ठेवल्या आणि डबा आपल्या उशाशी ठेवला. करवत चिरंजीवांनी न बोलता पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. ड्रायव्हर तेवढा काकांकडे राहिला.

आता वाचकांपैकी कुणाच्या घरी असं मशीन असेल तर आमच्या अनुभवावरून एवढंच. घरी दोन रात्री चालवून पाहिल्याशिवाय नेऊ नका. मशीनच्या बॅटऱ्यांना रंगीत चिकटपट्टी लावा आणि त्यांना दुसरं काम देऊ नका, ताकाचं तर नाहीच. अनेक मशीनांना थेट गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारी जोडणी मिळते, ती इन्व्हर्टरपेक्षा कमी वीज वाया घालवते. आम्ही ती आता मागवली आहे. शरद ऋतूत जाणाऱ्यांनी बॅटऱ्या रात्री झोपायच्या पिशवीत घ्याव्यात. थंडीत त्या लवकर दमतात, आणि शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी चार्जरला लावली तर तिचं कायमचं नुकसान होतं. आमच्या बॅटऱ्यांनी तर गॅरेजमधून उठून घरातल्या कपाटात, सौ.च्या पैठणीच्या खालच्या कप्प्यात, मुक्काम हलवला आहे. त्यावर वेगळा लेख होईल.

सोमवारी निघायची वेळ. तंबूकाकांनी ड्रायव्हरची कळ उलट्या बाजूला दाबली आणि एकेक स्क्रू काढत निघाले. हातोड्याच्या खुंटीसारखं उपसणं नाही. उलटा फिरवला की स्क्रू आपसूक वर येतो. काढला की फडक्याने माती पुसून नातवाच्या हातातल्या कॉफीच्या डब्यात. नातू मोठ्याने मोजत होता, मराठीत, कारण तशी अट होती. एकवीस, बावीस, तेवीस. मग थांबला.

"चोविसावा कुठाय?" काका.

सगळे खाली वाकले. दहा इंची स्क्रू मुरमात राहिला तर पुढच्या माणसाच्या मुलाचा पाय जाईल, म्हणून तो मिळाल्याशिवाय कुणी गाडीत बसायचं नाही, असं फर्मान सुटलं. गाड्या भरलेल्या, ऊन डोक्यावर, दुपारी दोनला जागा सोडायची. पंधरा मिनिटं बावीस माणसं रांगत होती. शेजारच्या बाईही आल्या, काय हरवलंय विचारून त्याही शोधू लागल्या, आणि त्यांनाच तो सापडला, आमच्या तंबूच्या मागच्या कोपऱ्यात, पाइनच्या सुयांखाली.

काकांनी उशी टाकली, गुडघ्यावर बसले आणि ड्रायव्हर बाईंच्या हातात दिला. बाईंनी चाप दाबला. टर्रर्र!

"चोवीस," नातू म्हणाला.